वर्षानुवर्षं ठेवायचे हाय-फाय स्पीकर कसे निवडायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, लातूर, कुठूनही कुणी स्पीकरबद्दल विचारलं की प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. हे डीजेच्या किंवा होम थिएटरच्या स्पीकरबद्दल नाही. दोन स्पीकर, एक अ‍ॅम्प आणि समोर बसून निवांत गाणं ऐकायचं, एवढ्यापुरतंच. मॉडेलची यादी इथं मिळणार नाही, मॉडेल दोन-चार वर्षांत बदलतात अन् आपल्याला वीस वर्षांचं बोलायचंय.

स्पीकर खरंच वीस-पंचवीस वर्षं टिकतात का हो? आजकाल तर टीव्ही पण पाच वर्षं जात नाही.

टिकतात की. फोन, डीएसी (डिजिटल गाण्याचा अ‍ॅम्पला चालणारा सिग्नल करणारा डबा), स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणं आणणारा) हे सगळं बदलत राहतं, पण साध्या पॅसिव्ह स्पीकरमध्ये, म्हणजे ज्याचा अ‍ॅम्प बाहेर असतो त्यात, असतंय काय, एक लाकडी खोकं, दोन ड्रायव्हर म्हणजे आवाज काढणारे गोल भाग (बाससाठी मोठा वूफर, बारीक सुरांसाठी छोटा ट्वीटर) आणि आत क्रॉसओव्हरची छोटी पट्टी, कुठला सूर कुणाकडं जायचा ते वाटून देणारी. बीबीसीच्या इंजिनियरांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ओबी व्हॅनमध्ये (बाहेरून प्रक्षेपण करायच्या गाडीत) बसवायला एलएस३/५ए नावाचा फूटभर उंचीचा मॉनिटर, म्हणजे आवाज तपासायचा स्पीकर, बनवला, त्यातले जुने जोड लोक आजही ऐकतात अन् तेच डिझाईन लायसन्स घेऊन अजून बनवलं जातंय. क्वाड कंपनीचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर १९५७ चा, तोही दुरुस्त करून करून चालू ठेवणारे हौशी लोक आहेत. क्लिप्शहॉर्न नावाचा स्पीकर तर १९४६ पासून आहे.

तुमच्याकडं तो तेवढा टिकेल का हे मात्र तीन गोष्टींवर ठरतं. तुमच्या खोलीत बसतो का, रोज तास-दोन तास ऐकून कान थकतात का, आणि बिघडला तर इकडं नीट होतो का. यातलं तिसरं कुणीच विचारत नाही अन् पुढं त्याच्यावरच अडतं.

माझी खोली १० बाय १२ आहे, जमिनीवर उभे राहणारे मोठे टॉवर स्पीकर घेऊ का? पैशाची अडचण नाही.

पैशाची नसेल पण खोलीची आहे. हे जरा सविस्तर सांगतो कारण निम्म्या लोकांची नाराजी इथूनच सुरू होते अन् ते बिचारे स्पीकर बदलत बसतात.

आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. दहा फुटावर समोरासमोर भिंती असल्या की ५६-५७ हर्ट्झचा सूर त्या दोघींमध्ये अडकतो, बारा फुटात ४७ च्या आसपासचा. त्या सुरांना खोली स्वतःच वाजायला लागते, म्हणजे एका जागी बसलं की डग्गा नुसता भुंभुं करतो अन् दोन फूट सरकलं की गायब. त्यात खोली चौरस असली, १० बाय १०, तर दोन्हीकडून एकच सूर अडकतो म्हणजे त्रास डबल, अन् आपल्याकडं बिल्डर लोकांना चौरस बेडरूमचीच हौस. छतसुद्धा दहा फुटावर असलं तर मग विचारूच नका.

आता अशा खोलीत ३५ हर्ट्झपर्यंत जाणारा मोठा टॉवर आणून ठेवला की तो ते सगळे अडकणारे सूर जोरात ढोसून ढोसून वाजवणार. पहिल्या दिवशी वाटतं वा काय बास आहे, महिन्याभरात डोकं जड व्हायला लागतं. त्यापेक्षा ५ किंवा साडेसहा इंची वूफरचा बुकशेल्फ, म्हणजे स्टँडवर ठेवायचा छोटा स्पीकर, अशा खोलीत स्वच्छ वाजतो. बसायची जागा खोलीच्या बरोबर मधोमध नको, तिथं तो अडकलेला बास सगळ्यात कमी ऐकू येतो, अन् मागच्या भिंतीला टेकून पण नको, तिथं सगळ्यात जास्त. थोडं पुढं-मागं सरकून बघायचं, फुकटात होतंय.

स्पीकर भिंतीपासून किती लांब ठेवायचा?

मागं पोर्ट म्हणजे ते भोक असलं तर दीड-दोन फूट तरी. पोर्ट पुढं असला किंवा खोकं बंद असलं तर जवळ चालतो. घरात एवढी जागा सोडणं शक्यच नसेल तर हे घ्यायच्या आधीच ठरवा, बंद खोक्याचा घ्या. अमेरिकेत एडगर व्हिलचरनं १९५४ मध्ये एआर कंपनीचा पहिला बंद खोक्याचा छोटा स्पीकर काढला तेव्हापासून हा प्रकार चालू आहे, त्याचा बास खाली हळूहळू उतरत जातो, पोर्टवाल्यासारखा धाडकन पडत नाही, म्हणून लहान खोलीत अन् भिंतीजवळ तो बरा वागतो.

दोन स्पीकर आणि तुम्ही, तिघांमधलं अंतर साधारण सारखं ठेवा. एक स्पीकर कोपऱ्यात फ्रीजच्या बाजूला अन् दुसरा दाराजवळ मोकळा, असं करू नका.

आमच्या हॉलला शहाबादी फरशी, भिंती कोऱ्या, वर स्लॅब. आवाज लई घुमतो.

मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीच्या मागं टर्रर्र असा झणकारा आला तर दोन लाखाचा स्पीकर पण तिथं कर्कश वाजणार. आधी खोलीचं बघा मग स्पीकरचं.

लई खर्च नाही त्याला. समोर फरशीवर जाड सतरंजी, मागच्या भिंतीवर पुस्तकाचं कपाट, अन् बाजूच्या भिंतीवर जिथून आवाज आपटून येतो तिथं घरातली वाकळ किंवा घोंगडी टांगा. वाकळीसारखी गोष्ट नाही हो, जुन्या लुगड्यांचे पाच-सहा थर, मस्त आवाज पिते. पडदे जाड लावा. अंड्याचे ट्रे चिकटवू नका, त्यानं काही होत नाही, पाली तेवढ्या राहायला येतात.

ज्यांचं गावाकडं जुनं धाब्याचं घर आहे, जाड मातीच्या भिंती अन् वर लाकडी तुळया-किलचन, ते लोक नशीबवान. त्या माळवदाखाली साधे स्पीकर पण असे वाजतात की शहरातल्या फ्लॅटवाल्यानं येऊन ऐकावं. पत्र्याच्या खोलीत मात्र अवघड आहे, बास लागला की पत्रा थरथरतो.

बुकशेल्फमध्ये बास पुरतो का? मी शास्त्रीय आणि अभंग जास्त ऐकतो.

तुम्हाला तर नक्की पुरतो, आकड्यात सांगतो. पुरुष गायक काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गात असला तर त्याचा मध्य षड्ज १३८-१३९ हर्ट्झला येतो, तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर म्हणजे ६९ ला. बाई काळी पाचमध्ये गात असल्या तर खर्ज ११६-११७ ला. म्हणजे जो स्पीकर ५५-६० हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे जातो त्याच्यात तानपुरा पूर्ण येतो, डग्ग्याचा अन् पखवाजाचा घुमारा पण बहुतेक सगळा येतो. त्याच्या खालचा कारभार नव्या सिनेमाच्या गाण्यातला इलेक्ट्रॉनिक बास, चर्चमधला मोठा ऑर्गन असल्या गोष्टींचा. तुम्ही तो ऐकत नसाल तर उगं पैसे कशाला घालायचे?

फक्त नावाला बुकशेल्फ म्हणतात म्हणून तो पुस्तकाच्या फळीत कोंबू नका. स्टँडवरच ठेवायचा.

आम्ही खाली गादीवर बसून ऐकतो. स्टँड किती उंच घ्यायचा?

हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही अन् हाच आपल्याकडं महत्त्वाचा. बाजारातले स्टँड खुर्चीवर बसणाऱ्याच्या हिशोबानं असतात, ट्वीटर ३६-३८ इंचावर येईल असे. मांडी घालून गादीवर बसलं की कान २८-३० इंचावर येतो. मग ट्वीटर डोक्यावरून वाजतो अन् आवाज पातळ वाटतो. सुताराकडून किंवा वेल्डिंगवाल्याकडून तुमच्या मापाचा बनवून घ्या, लोखंडी चौकोनी पाईपचा, आत कोरडी वाळू भरून. खाली टोकदार स्पाईक असले तर त्याखाली एकेक नाणं ठेवा, नाहीतर फरशीचा टवका उडतो. घरात सगळे वेगवेगळं बसत असतील तर स्पीकर थोडा पुढं किंवा मागं कलता ठेवूनही काम भागतं.

किती वॅटचा घ्यायचा? एकजण ५००० वॅट म्हणत होता.

तो पीएमपीओ असणार, क्षणभराचा फुगवलेला आकडा. तो आकडा कानाआड टाका. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, किती ते विचारा.

स्पीकरच्या कागदावर वॅटपेक्षा सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे ठरलेल्या व्होल्टेजला एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो. दर ३ डेसिबलला अ‍ॅम्पची ताकद दुप्पट लागते. म्हणजे ९० वाल्याला जिथं १० वॅट लागतात तिथं ८४ वाल्याला ४० लागणार. १० बाय १२ च्या खोलीत रोजच्या आवाजाला सरासरी एक-दोन वॅटसुद्धा खर्च होत नाहीत, बाकीची ताकद तबल्याच्या थापेसारख्या अचानक येणाऱ्या गोष्टींसाठी राखीव लागते. ८६-८८ डेसिबलचा स्पीकर आणि ४०-५० वॅटचा चांगला अ‍ॅम्प, घरासाठी लई झालं.

अन् एक, छोट्या अ‍ॅम्पनं स्पीकर जळत नाही असं समजू नका. छोटा अ‍ॅम्प पूर्ण पिळला की आवाज फाटतो, अन् फाटलेल्या आवाजातला वरचा कचरा सगळा ट्वीटरच्या डोक्यावर जातो. वाढदिवसाच्या पार्टीत सगळ्यात जास्त ट्वीटर मरतात.

४ ओहम का ८ ओहम?

८ किंवा ६ घ्या. ४ वाईट नाही पण अ‍ॅम्प दणकट लागतो, अन् आपल्या मे महिन्यात तो आधीच तापलेला असतो.

वूफरची रिंग फोमची आहे का रबरची, यानं काय फरक पडतो?

लई फरक पडतो, वर्षानुवर्षं ठेवायच्या हिशोबानं मी तर सगळ्यात आधी हेच बघतो. कोनच्या, म्हणजे वूफरच्या हलणाऱ्या भागाच्या, बाहेरच्या कडेला जी मऊ गोल रिंग असते ती जर पॉलियुरेथेन फोमची असली तर दहा-पंधरा वर्षांत ती हवेनं, ओलीनं, उन्हानं आपोआप सडते, स्पीकर वाजवा नाहीतर कपाटात ठेवा. जुन्या फोमवर बोट हळूच टेकवलं तर बोटाला काळा चिकट भुगा लागतो, कडेला बारीक चिरा दिसतात, अन् एक दिवस मोठ्या आवाजात ती टर्रकन फाटते. मग कोन वाकडा हलतो, कॉईल चुंबकाला घासते अन् खर्र खर्र सुरू.

ब्युटाईल रबरची रिंग पंचवीस-तीस वर्षं सहज काढते. बोटानं दाबली की मऊ दबते अन् लगेच परत फुगते. लेप दिलेल्या कापडाच्या रिंगा तर त्याहून चिवट, एआर कंपनीचे कापडी कडेचे जुने वूफर अजून चालतात अन् त्यानंतरच्या फोमवाल्यांच्या रिंगा बदलाव्या लागल्यात.

रिंग बदलता येते, स्पीकर टाकून द्यायची गरज नाही. पण आपल्या गावातला कोनवाला दिवसभर डीजेचे बारा-पंधरा-अठरा इंची जाड कागदी कोन बसवत असतो, त्याला तुमच्या साडेसहा इंचीचं नाजूक काम नवीन असतं. त्याला प्रेमानं सांगा की भाऊ, मधली डस्ट कॅप काढ, कॉईलच्या आतून, मधल्या खांबाभोवती, जुन्या एक्स-रे फिल्मच्या नाहीतर कागदाच्या सारख्या पट्ट्या खोचून कॉईल आधी मधोमध धर अन् मगच रिंग चिकटव, पट्ट्या गोंद पूर्ण वाळल्यावर काढ. अन् रिंग मूळ मापाची अन् तेवढ्याच मऊपणाची पाहिजे, कडक लावली तर बासची वाट लागते. घाई करणाऱ्याकडं देऊ नका.

कोन कागदाचा चांगला का केव्हलारचा का मेटलचा?

कशाचाही चांगला होतो, कशाचाही वाईट होतो. कागदाला कमी समजू नका.

ट्वीटर कोणता घ्यावा?

कापडी किंवा रेशमी डोमचा बहुतेकदा कानाला सोपा जातो, मेटलचेही गोड असतात पण ऐकून घ्या. काही ट्वीटरमध्ये कॉईलच्या फटीत फेरोफ्लुईड नावाचं तेलकट द्रव असतं, वीस-पंचवीस वर्षांत ते घट्ट होतं अन् ट्वीटरचा आवाज मंद पडतो. साफ करून नवीन घालता येतं. घरात लहान लेकरं असली तर जाळी काढूच नका, तो गोल डोम बघितला की प्रत्येक लेकराचं बोट तिथंच जातं, का जातं देव जाणे. कापडी डोम आत गेला तर चिकटपट्टीनं हलक्या हातानं ओढला की बऱ्याचदा बाहेर येतो, मेटलचा वाकला तर वाकला.

अ‍ॅक्टिव्ह स्पीकर घेऊ का? वायरी कमी, अ‍ॅम्प आतच, ब्लूटूथ पण आहे.

आवाजाच्या बाबतीत अ‍ॅक्टिव्ह कुठंच कमी नाहीत, कधी कधी तर त्याच पैशात सरस असतात. पण आपण वीस वर्षांचं बोलतोय अन् ते पण मराठवाड्यात. आपल्याकडं लाईट जाते-येते, येताना व्होल्टेज कधी १७० तर कधी २६० मारते, गावात सिंगल फेजवर तर विचारायलाच नको. अ‍ॅक्टिव्हमध्ये पॉवर सप्लाय, अ‍ॅम्प अन् आजकाल एक छोटा कॉम्प्युटरच खोक्याच्या आत असतो, ते बोर्ड गेलं अन् कंपनीनं ते बनवणं बंद केलं असलं की स्पीकर मुका. ज्यांना मोबाईलचं अ‍ॅप लागतं त्यांचं तर अ‍ॅपच आधी बंद पडायचं.

पॅसिव्हमध्ये अ‍ॅम्प गेला तर अ‍ॅम्प बदला, स्पीकरला काही माहिती पण होत नाही. म्हणून कायमचे ठेवायला माझं मत पॅसिव्ह. अ‍ॅक्टिव्हच घ्यायचे असतील तर चांगला स्टॅबिलायझर अन् नीट अर्थिंग करून घ्या, अन् सर्व्हिस सेंटर पुण्यात का हैदराबादला हे आधी विचारा.

पॅसिव्हमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मात्र वीस-तीस वर्षांत उष्णतेनं वाळतात. ते बदलणं गावातला टीव्ही-रेडिओवाला मेकॅनिक पण करू शकतो, फक्त नॉन-पोलर (ज्यांना प्लस-मायनस नसतं ते) अन् त्याच मूल्याचे घाला. फिल्म कपॅसिटर असले तर ही पण कटकट नाही.

लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर घुंईं आवाज येतो, स्पीकर खराब झाला का?

नाही. तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल. साईन वेव्हवाला घेतला की बहुतेक बंद होतं. नाहीतर लाईट येईपर्यंत गाणं थांबवा, अ‍ॅम्पला ते नाही मानवत.

उन्हाळ्यात काय काळजी घ्यायची?

४२-४३ डिग्रीला स्पीकर मरत नाही, पण पश्चिमेच्या खिडकीतून थेट ऊन येतं तिथं ठेवला तर विनियर (खोक्यावरचा पातळ लाकडी थर) तडकतो अन् रबर लवकर कडक होतं. खरी अडचण कूलरची. मार्च ते जून आपल्या प्रत्येक घरात कूलर चालू, अन् तो नेमका हॉलच्या खिडकीत. त्याच्या झोतात स्पीकर आला तर ओली हवा दिवसभर खोक्याच्या एमडीएफवर (दाबलेल्या भुशाच्या फळीवर), खालची कड अन् मागचा विनियर नसलेला भाग आधी फुगतो, मग तो परत कधीच बसत नाही. झोतातून बाजूला ठेवा. घेतानाच उलटा करून बघा, तळाला अन् पोर्टच्या आतल्या कडेला रंग किंवा विनियर आहे का उघडा भुसा दिसतोय.

अन् कूलर चालू असताना बारीक बारीक गोष्टी ऐकू येणार नाहीत हे मान्य करा. रात्री अकरानंतर कूलर बंद करून अर्धा तास ऐका, घाम आला तर आला.

उंदीर स्पीकरमध्ये शिरतो का?

शिरतो. मागच्या पोर्टातून. आतला कापूस त्याला लई आवडतो, अन् वायरी कुरतडतो ते वेगळंच. गावाकडं महिनाभर घर बंद ठेवणार असाल तर पोर्टात जुना मोजा कोंबून जा. तसा मोजा कोंबला की बास पण कमी होतो, म्हणजे लहान खोलीत भुंभुं होत असेल तर हाच उपाय कायमचा ठेवला तरी चालतंय. उधई असलेल्या भिंतीला खोकं चिकटवू नका.

इकडं कुठं ऐकायला मिळतच नाहीत. रिव्ह्यू बघून मागवू का?

शक्यतो ऐकूनच घ्या. नांदेड-परभणी-जालन्यातून देवगिरी एक्सप्रेस एकीकडं मुंबईला अन् दुसरीकडं सिकंदराबादला जाते, लातूरकरांना पुणं अन् हैदराबाद दोन्ही जमतं. कुठल्यातरी लग्नाकार्याला जाणं होतंच, एक अख्खी दुपार त्याला जोडा अन् दुकानात आधी फोन करून वेळ ठरवा. पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर वायर, कनेक्टर, सुटे भाग मिळतात, पण निवांत बसून ऐकायचं ठिकाण ते नव्हे.

रिव्ह्यूमधली मोजमापं मात्र बघत जा. फ्लॉइड टूल नावाच्या संशोधकानं कॅनडाच्या सरकारी संशोधन संस्थेत अन् पुढं हार्मन कंपनीत वर्षानुवर्षं पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवलं. त्यात निघालं असं की ज्याचा समोरचा ग्राफ सपाट अन् बाजूला जाणारा आवाज पण गुळगुळीत उतरत जातो, तोच बहुतेक लोकांना आवडतो. अन् १९९४ मध्ये त्यानं अन् शॉन ऑलिव्हनं हेही दाखवलं की स्पीकर डोळ्यांनी दिसत असला की मार्क बदलतात, मोठा अन् देखणा असला की जास्त. तेव्हा दुकानात जमलं तर डोळे मिटून ऐका, हसू द्या हसणाऱ्याला.

दुकानात ऐकताना काय लावायचं?

दुकानदार लावेल ते नाही. त्याच्याकडं एक इंग्रजी बाईचं गाणं अन् एक ढोलाचं रेकॉर्डिंग असतं, त्याच्यावर कुठलाही स्पीकर भारी वाटतो. तुमचं शंभर वेळा ऐकलेलं घेऊन जा.

पहिली माणसाची बोललेली वाणी. आकाशवाणीच्या बातम्या किंवा एखादं कीर्तन. निवेदक छातीत बोलतोय असं वाटलं तर स्पीकरला खालच्या पट्ट्यात फुगवटा आहे, नाकात वाटला तर मधल्या पट्ट्यात. बीबीसीवाले तर जिवंत माणूस अन् त्याचं रेकॉर्डिंग शेजारी शेजारी ताडून बघायचे.

मग भजन, ज्याच्यात पंधरा-वीस टाळकरी आहेत. हे लई अवघड असतं स्पीकरला. चांगल्या स्पीकरवर टाळ सुटे सुटे ऐकू येतात, कुणाचा जड काशाचा, कुणाचा हलका, अन् मागं पखवाज आपल्या जागेवर राहतो. वाईटावर सगळ्यांचा मिळून एक सळसळाट होतो, कढईत मोहरी तडतडल्यासारखा, अन् बुवांचा आवाज त्याच्यात बुडतो. तिसरी कव्वाली, खुलताबादच्या उरुसात ऐकतो तशी, त्यातल्या टाळ्या माणसाच्या हाताच्या वाटल्या पाहिजेत, लाकडाच्या फळ्या आपटल्यासारख्या नाही. अन् शेवटी नुसता तानपुरा पाच मिनिटं. कंटाळा आला नाही अन् बसावंसं वाटलं तर तो स्पीकर पुढच्या फेरीत घ्या.

दोन स्पीकर ताडताना दोघांचा आवाज सारखा ठेवायला सांगा, जरासा मोठा वाजणारा नेहमी चांगला वाटतो अन् दुकानदाराला हे पक्कं माहिती असतं. अन् पहिल्या दहा सेकंदात जो अंगावर येतो त्याच्यापासून सावध. असे चकचकीत स्पीकर शोरूमसाठी बनतात, घरी रात्री तासभर ऐकवत नाहीत.

जुने सेकंडहँड घ्यावेत का?

खुशाल घ्या, बघता येत असेल तर. सोबत मल्टीमीटर, एक पेन्सिल सेल अन् टॉर्च न्या. मीटर टर्मिनलला लावला की ८ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ४ वाला तीन-साडेतीन. दोन्ही स्पीकर सारखे दाखवले पाहिजेत. काहीच दाखवत नसेल तर वूफरची कॉईल किंवा क्रॉसओव्हर तुटलाय. मग जाळी काढून चार बोटं वूफरच्या कोनवर सगळीकडं सारखी ठेवा अन् हळूच आत ढकला, कान जवळ न्या. सुळ्ळकन गेला पाहिजे, किंचित पण खरखर आली तर कॉईल घासतीय. आता सेलची प्लस बाजू लाल टर्मिनलला क्षणभर टेकवा, कोन बाहेर आला पाहिजे, दोन्हीकडं सारखाच. एक आत अन् एक बाहेर जात असला तर कुणीतरी आत उलटी वायर जोडलीय, हे नीट करता येतं पण मग आत अजून काय केलंय ते उघडून बघा. ट्वीटर हळू आवाजात कान लावून तपासा, दोन्हीचा आवाज सारखा आहे का. टॉर्चनं पोर्टातून आत बघा. लेंड्या दिसल्या तर भाव पाडा.

रिंग फोमची असली तर नवीन रिंगेचा खर्च किमतीतून वजा. कोलकात्याच्या सोनोडाइनचे जुने जोड आपल्या भागात अधूनमधून निघतात, खोकं चांगलं राहिलं असेल तर बघायला हरकत नाही.

स्पीकर वायर कोणती?

शुद्ध तांब्याची, बारीक तारांची मऊ वायर, दीड किंवा अडीच स्क्वेअर एमएम. पाच मीटरपर्यंत अडीचला कान फरक सांगू शकत नाही. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली पण मिळते, स्वस्त दिसली की टोक चाकूनं खरवडून बघा, आत पांढरं निघालं तर परत द्या. हजारो रुपये मीटरची वायर ज्याला घ्यायची त्यानं घ्यावी, माझं काही म्हणणं नाही.

सबवूफर पाहिजेच का?

शास्त्रीय, भावगीत, अभंगाला नको. सिनेमा पण त्याच्यावरच बघत असाल तर घ्या, बंद खोक्याचा, अन् शेजाऱ्याच्या भिंतीला लावू नका.

नवीन स्पीकर शंभर तास वाजवल्यावर मोकळा होतो म्हणतात?

वूफर थोडा सैल होतो. बाकीचा तुमचा कान होतो. परत करायची मुदत संपेपर्यंत वाट बघा असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

आमच्या इथं एकजण मस्त डीजेचे बॉक्स बनवतो, त्याच्याकडून घरचे बनवून घेऊ का?

खोकं घ्या बनवून, प्लायमध्ये त्याचा हात बसलेला असतो. पण खोक्याचा आकार, पोर्टची लांबी अन् क्रॉसओव्हर हे ड्रायव्हरच्या गुणांवरून हिशोबानं ठरतं. ऑस्ट्रेलियातल्या थील अन् स्मॉल या दोघांनी साठ-सत्तरच्या दशकात ते गणित मांडून ठेवलंय, आज फुकटचं सॉफ्टवेअर ते करून देतं. तयार डिझाईनचा नकाशा अन् त्यात सांगितलेलेच ड्रायव्हर घेऊन बनवलं तर पैसे वाचतात अन् पुढं दुरुस्ती पण आपल्या हातात राहते. अंदाजानं बनवलेला मंगल कार्यालयात शोभतो.

एकूण बजेटमधले स्पीकरला किती घालायचे?

निम्म्यापेक्षा जास्त. साठ-सत्तर टक्के म्हणा. अ‍ॅम्प पुढं कधीही वाढवता येतो. अन् थोडे पैसे स्टँड-सतरंजीला आधीच बाजूला काढा, नाहीतर ते राहूनच जातं.

धूळ कशी पुसायची?

कोरड्या मऊ ब्रशनं, कोनवर बाहेरच्या दिशेनं. ओलं फडकं फक्त खोक्याला. ट्वीटरला हात लावायचा नाही, दिवाळीच्या साफसफाईला तर स्वतः जवळ उभं राहा.

पॅकिंगची रिकामी खोकी ठेवावीत का? जागा लई अडते.

ठेवा. पुढं बदली झाली, घर बदललं, किंवा ड्रायव्हर पाठवावा लागला तर ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत थर्माकोलशिवाय स्पीकर टाकणं म्हणजे कोपरे गेलेच समजा. थर्माकोल अन् बिल दोन्ही माळ्यावर पिशवीत बांधून ठेवा, वर डांबराच्या दोन गोळ्या. अन् जोडी पाठवताना एकाचा कोन दुसऱ्याच्या पाठीला लावून बांधू नका, मधे जाड पुठ्ठा घाला, टर्मिनलच्या खिळ्यानं समोरच्याचा कोन फोडलेला असतो अन् ट्रॅव्हल्सवाला म्हणतो सामान बसलेल्या जागेवरच होतं साहेब.